फौजखर्चाची तुलना व जुन्या हिशेबांतील बेरजा

मराठ्यांची फौज मोगलांच्या मानानें स्वस्त होती, असें विधान दोन्हीकडील बेरजा शेजारीं मांडून वारंवार केलें जातें. आम्हीही पूर्वीं तसें केलें आहे. परंतु या बेरजा एकाच वस्तूच्या आहेत काय?

मुळशी तालुक्यांतील कोरीगड, घनगड यांसारख्या गडांचाच विचार करूं. हवालदार, सबनीस, सरनौबत यांचीं वेतनें गडाच्या खर्चांत पडत. घेऱ्यांत राहून चौकीपहारा करणाऱ्या रामोशी, कोळी, महार मंडळींस मात्र जमिनी लावून दिलेल्या असत. त्यांचा मोबदला म्हणजे सरकारांत न आलेला सारा. त्यानें खर्च वाढत नाहीं, जमाच घटते. पौडच्या ढमाल्यांसारखे देशमुख माणसें घेऊन चाकरीस येत, त्याची किंमत वतनाच्या पोटांत गेलेली. तटाचें काम वेठीनें झालें असेल, तर अंकच उरत नाहीं.

स्वारांचेंही तेंच. बारगिराचें घोडें सरकारी, म्हणून त्याचा दाणावैरण पागेकडे. शिलेदार घोडें व हत्यार स्वतःचें आणी, म्हणून त्यास वेतन अधिक. नुसतीं वेतनें पाहणारास शिलेदार महाग वाटेल. पागेचा खर्च मिळवितांच तो निकाल टिकेलच असें नाहीं. पुढें शाहूकालीं सरंजाम वाढले, तेव्हां फौजेचा बराच खर्च खजिन्यांतून निघून मुलखाच्या नेमणुकींत शिरला.

मोगलांकडे मनसबदाराचें वेतन दामांत लिहीत, हिशेबी दर रुपयास ४० दाम. परंतु जागिरीची कागदावरील जमा व प्रत्यक्ष वसूल यांत इतकें अंतर पडे कीं, शाहजहानच्या काळीं जागिरी आठमाही, सहामाही अशा मानानें धरीत. चाकरी जागिरीच्याच सुभ्यांत असल्यास नेमल्या स्वारांचा तिसरा हिस्सा, हिंदुस्थानांत अन्यत्र असल्यास चौथा हिस्सा ठेवावा, असा नियम होता. तेव्हां मनसबींची बेरीज हा खर्चही नव्हे व संख्याही नव्हे.

त्यांत नाण्याचा घोळ. सभासदानें होनांचींच कितीतरी नांवें दिलीं आहेत. सर्वांस एकच भाव लावणें म्हणजे बट्टा गिळणें होय. मृगसाल जूनच्या आरंभीं लागे, कंपनीचें हिशेबी वर्ष १ मे रोजीं.

ही अडचण आजही सुटलेली नाहीं. १९६६ सालीं स्थापन झालेली स्टॉकहोमची शांतता-संशोधन संस्था सैनिकांचीं निवृत्तिवेतनेंही फौजखर्चांत धरते, आणि चीनचा तिनें काढलेला खर्च तेथील सरकारच्या जाहीर अंकाहून मोठा असतो. शिवाय सर्व रकमा डॉलरांत आणल्यानें, जेथें शिपायाचा पगार कमी तेथील फौज उगाच लहान भासते.

आमच्या संग्राहक मित्रांस विनंति एवढीच कीं, ताळेबंद छापतांना शेवटची बेरीज देऊन थांबूं नये. कलमवार तपशील, इनामांची याद, नाण्याचें नांव व साल जसेंच्या तसें द्यावें. वाळवीनें कलम खाल्लें असल्यास तेथें कोरी जागा सोडावी, अंदाजानें भरूं नये.