भाताच्या मुळातले नेमलेले मरण

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके पावसाने उभे दुभागले आहेत. पूर्वेला बाजरी, कांदा, नारायणगावचा टोमॅटो. पश्चिमेला नाणेघाट, आहुपे, भीमाशंकरच्या अंगाला भाताची खाचरे. साचल्या पाण्यात बाजरी पिवळी पडते. भात मात्र आवणीपासून चिखलात उभा असतो, आणि डोंगरातल्या घरांचे वर्षाचे तांदूळ त्याच्या या तग धरण्यावर अवलंबून असतात.

पाण्यातून प्राणवायू हवेपेक्षा सुमारे दहा हजारपट संथ सरकतो. बुडालेल्या मुळाला तो वरून, पानांकडूनच मिळणार; त्यासाठी नळ्या हव्यात. भात मुळाच्या सालीतल्या काही पेशी ठरवून मारतो, आणि त्यांची रिकामी जागा हीच नळी होते. याला पेशींची 'आत्महत्या' म्हणण्याची पद्धत आहे. मला तो शब्द पटत नाही. इथे पेशीला निवड नसते, निरोप येतो.

निरोप्या म्हणजे इथिलीन वायू, टोमॅटो पिकवणारा तोच. कोरड्या मातीत तो मुळापासून निघून जातो, पाण्याखाली अडकून साठतो. म्हणजे कोंडी हीच कोंडीची बातमी! त्याला ओळखणाऱ्या प्रथिनाने आपल्या घडीत तांब्याचा आयन धरलेला असतो. इथिलीन बसतो तो या तांब्यावर. एरवी हे प्रथिन सतत 'थांबा' म्हणत असते, वायू बसला की गप्प होते. तांब्याच्या जागी चांदीचा आयन आला तर इथिलीन चिकटतो, पण निरोप पुढे जात नाही. कार्नेशनची फुले टिकवायला चांदीचे द्रावण वापरतात ते यामुळेच.

पुढची कडी कॅल्शियमची. पेशीत एक प्रथिन असे असते की त्याचाच एक तुकडा त्याच्या कामाच्या फटीत बोळ्यासारखा बसलेला असतो. पेशीरसात कॅल्शियम वाढून या प्रथिनाच्या खोबणींत शिरला की घडी बदलते आणि बोळा सुटतो. मग ते दुसऱ्या एका विकराला चेतवते. तो विकर प्राणवायूचे दाहक रूप तयार करतो आणि पेशी विरघळू लागते. जपानी संशोधकांनी २०१७ मध्ये भातातले या विकराचे जनुक निकामी केले, तेव्हा प्राणवायू तुटपुंजा असूनही नळ्या कमी झाल्या. (प्राण्यांत पहारा वेगळा: पेशी मोडणाऱ्या कॅस्पेज-३ला जस्ताचा आयन रोखतो.)

सगळ्या पेशी मात्र मरत नाहीत. बाहेरचा थर, मधला गाभा आणि चाकाच्या आऱ्यांसारख्या काही भिंती उरतात, म्हणून मूळ चेपत नाही. खाचरातले रोप उपटून धुतले की मुळांवर तांबूस लेप दिसतो. मेलेल्या पेशींच्या वाटेने आलेला प्राणवायू बाहेर झिरपतो आणि चिखलात विरघळलेल्या लोखंडाचा गंज करतो. तोच हा लेप.