शेबॉयगन : चाळीस हजार वस्तीच्या गावाचा संघ

एनबीएचा १९४९-५० चा गुणतक्ता काढून पाहिला, तर न्यूयॉर्क, बोस्टन, शिकागो, फिलाडेल्फिया या नावांच्या पंगतीत एक नाव बसलेलं दिसतं : शेबॉयगन. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, मिशिगन सरोवराच्या काठी, मिलवॉकी आणि ग्रीन बे यांच्या साधारण मध्यावरचं हे गाव. त्या वेळची वस्ती चाळीस हजारांहून थोडी जास्त. खुर्च्या आणि लाकडी सामानाचे कारखाने, चीजचा धंदा, जर्मन वंशाची बरीच कुटुंबं आणि त्यांचं ब्राटवुर्स्ट हे सॉसेज, ही गावाची ओळख. एवढ्याशा गावाचा संघ जगातल्या सर्वांत मोठ्या बास्केटबॉल लीगमध्ये पोचला, एक हंगाम खेळला आणि बाहेर पडला. त्या एका हंगामामागे वीसेक वर्षांची मेहनत आहे, आणि मला ती त्या हंगामाइतकीच मोलाची वाटते.

सुरुवात दुकानदारांपासून झाली. १९३०च्या दशकात अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेत गावोगावी असे संघ होते. खेळाडू दिवसा नोकरी करत, संध्याकाळी सामना खेळत आणि सामन्यामागे थोडे पैसे घेत. गणवेशाचा खर्च जो करील त्याचं नाव संघाला मिळायचं. शेबॉयगनचा संघ आधी ‘बॉलहॉर्न्स’ होता. बॉलहॉर्न यांचं फर्निचरचं दुकान होतं आणि अंत्यविधीची व्यवस्थाही तेच करत. पुढे कपडे धुऊन देणाऱ्या दुकानाच्या नावाने तो ‘आर्ट इमिग्ज’ झाला. मग जिलेटिनचा गोड पदार्थ बनवणारी एक कंपनी पुढे आली आणि संघ ‘एन्झो जेल्स’ म्हणून मैदानात उतरू लागला. आपल्याकडे टाइम्स शील्डमध्ये टाटा, निर्लॉन, मफतलाल या नावांनी क्रिकेट खेळलं जायचं, ते आठवलं की यात नवल वाटत नाही.

त्याच सुमाराला मोठ्या कंपन्याही या खेळात उतरल्या होत्या. १९३७ मध्ये जनरल इलेक्ट्रिक, फायरस्टोन आणि गुडइयर यांनी पुढाकार घेऊन नॅशनल बास्केटबॉल लीग, म्हणजे एनबीएल, उभी केली. ओहायोतल्या अ‍ॅक्रन या टायरच्या शहरातून दोन संघ आले. त्यांतल्या फायरस्टोनच्या संघाचं नाव होतं ‘नॉन-स्किड्स’, न घसरणारे. विस्कॉन्सिनमधून ऑशकॉशचा ‘ऑल-स्टार्स’ पहिल्याच वर्षी सामील झाला. शेजारचं ऑशकॉश लीगमध्ये आणि आपण बाहेर, हे शेबॉयगनला मानवणारं नव्हतं. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, शेबॉयगन आत आलं. आता दुकानाचं नाव जाऊन गावाचं नाव आलं, आणि त्याला जोडून ‘रेडस्किन्स’. हा शब्द अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांसाठी हिणवणीचा आहे. त्या काळी संघांना अशी नावं सर्रास दिली जात, म्हणून ते योग्य ठरत नाही. या क्लबबद्दल आपुलकीने लिहितानाही हे स्पष्ट सांगायला हवं.

खेळही तेव्हा बदलत होता. १९३७ पर्यंत प्रत्येक बास्केटनंतर चेंडू पुन्हा मधल्या वर्तुळात न्यावा लागे, तिथे दोन खेळाडू उडी मारत आणि मग खेळ पुढे सुरू होई. तो नियम गेला आणि सामन्याला वेग आला. तरीही ठरावीक सेकंदांत चेंडू फेकलाच पाहिजे, असं बंधन नव्हतं. ते यायला १९५४ उजाडलं. आघाडी मिळाली की चेंडू हातात ठेवून वेळ काढता येई, म्हणून त्या काळचे आकडे आज फार लहान दिसतात.

१९३९ मध्ये शिकागोत व्यावसायिक संघांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. ‘न्यूयॉर्क रेनेसाँ’ या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या संघाने अंतिम सामन्यात ऑशकॉशला हरवलं. तिसऱ्या जागेच्या सामन्यात हार्लेम ग्लोबट्रॉटर्सनी शेबॉयगनला ३६-३३ असं मागे टाकलं. ग्लोबट्रॉटर्सची कीर्ती नंतर गमतीजमतींसाठी झाली, पण तेव्हा ते जिंकण्यासाठीच खेळत. पहिल्या चारांत विस्कॉन्सिनच्या दोन लहान गावांचे संघ होते, हे त्या स्पर्धेकडे मागे वळून पाहताना डोळ्यांत भरतं.

१९४१ मध्ये शेबॉयगन एनबीएलच्या अंतिम फेरीत गेलं आणि ऑशकॉशकडूनच सलग तीन सामने हरलं. मग आला १९४२-४३चा हंगाम. अमेरिका युद्धात उतरली होती, खेळाडू सैन्यात जात होते, पेट्रोलचं रेशनिंग होतं. लीग पाच संघांवर आली आणि त्यांतला टोलीडोचा संघ चार सामने हरून हंगामाच्या मध्यातच थांबला. याच हंगामात टोलीडो आणि शिकागो या दोन संघांनी कृष्णवर्णीय खेळाडूंना घेतलं. एनबीएच्या संघांनी हे पाऊल टाकलं ते १९५० मध्ये.

त्या हंगामात सर्वांत बलाढ्य संघ होता इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेनचा ‘झोलनर पिस्टन्स’. फ्रेड झोलनर यांचा इंजिनाचे पिस्टन बनवण्याचा कारखाना होता आणि संघही त्यांचाच. त्यांनी १७ सामने जिंकले, ६ हरले. शेबॉयगनची कामगिरी बेताची होती : १२ जिंकले, ११ हरले. हंगामाच्या शेवटी शेबॉयगनने बडी जीनेट हा चलाख गार्ड आणला. उंच एड डँकर, रूब लाउटेनश्लागर आणि केन सूसेन्स आधीपासून होतेच. डँकर मिलवॉकीचा, महाविद्यालयाच्या संघातून कधीच न खेळलेला. अमेरिकेत बास्केटबॉलपटू महाविद्यालयातून येतो अशी रीत असताना हा माणूस थेट लीगमध्ये आला आणि तिच्यातल्या उत्तम सेंटर्समध्ये गणला गेला.

तीन सामन्यांच्या अंतिम फेरीत पहिला सामना शेबॉयगनने घेतला, दुसरा फोर्ट वेनने. तिसरा झाला फोर्ट वेनमध्ये, पिस्टन्सच्या घरी. दोन्ही बाजूंनी इतकं घट्ट संरक्षण, की सगळा सामना धरून कुणाचेही तीसच्या वर गुण झाले नाहीत. शेवटचे काही सेकंद उरले असताना डँकरने बाजूला वळून, एका हाताने डोक्यावरून, हूक शॉट टाकला. चेंडू आत गेला. शेबॉयगन ३०, फोर्ट वेन २९. प्रशिक्षक कार्ल रॉथ यांचा संघ एनबीएलचा विजेता ठरला.

पुढच्याच हंगामात जीनेट फोर्ट वेनला गेला. कारखानदार मालक देऊ शकतो ते लहान गावाला देता येत नाही, याची ही पहिली खूण होती. तरीही शेबॉयगन मागे हटलं नाही. १९४४, १९४५ आणि १९४६, तिन्ही वर्षं अंतिम फेरीत. यातल्या शेवटच्या दोन वर्षांत प्रशिक्षक होते डच डेनर्ट, ‘ओरिजिनल सेल्टिक्स’ या जुन्या नामांकित संघाचे खेळाडू. बास्केटकडे पाठ करून उभं राहायचं आणि चेंडू घेऊन सहकाऱ्यांना वाटायचा, या पिव्हट खेळाचं श्रेय त्यांना दिलं जातं. १९४५च्या फेरीत पहिले दोन सामने जिंकून शेबॉयगन २-० असं पुढे होतं. एक सामना जिंकायचा बाकी होता. पिस्टन्सनी उरलेले तिन्ही घेतले. माझ्या मते क्लबच्या इतिहासातली सर्वांत जिव्हारी लागणारी हार हीच. एनबीएतून बाहेर पडणं गावाच्या हातात नव्हतं, ही फेरी मात्र हातातून गेली.

या सगळ्या वर्षांत गावाने आपल्या संघासाठी जागा मोठी केली होती. आधीचे सामने ईगल ऑडिटोरियममध्ये होत, तिथे दीड हजार माणसं मावत. १९४२ मध्ये म्युनिसिपल ऑडिटोरियम अँड आर्मरी उभी राहिली, तिथे साडेतीन हजार. चाळीस हजार वस्तीत साडेतीन हजार, म्हणजे हॉल भरला की गावातल्या दर बारा माणसांमागे एक जण आत. न्यूयॉर्कला हे प्रमाण गाठायचं तर सहा लाखांचा हॉल लागला असता. पण तिकिटाचा गल्ला प्रमाण बघत नाही. तो डोकी मोजतो, आणि मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अठरा हजार डोकी बसत.

गार्डनसारखे हॉल ज्यांच्या हातात होते, त्यांनी १९४६ मध्ये वेगळी लीग काढली होती : बीएए. आइस हॉकी नसेल त्या रात्री हॉल रिकामा राहू नये, हा त्यांचा हिशेब. चांगले खेळाडू मात्र बरेचसे एनबीएलमध्येच होते. १९४८ मध्ये मिनियापोलिस, रॉचेस्टर, फोर्ट वेन आणि इंडियानापोलिस हे चार संघ तिकडे गेले, आणि ऑगस्ट १९४९ मध्ये दोन्ही लीग एकत्र होऊन एनबीए झाली. सतरा संघ. त्यांत शेबॉयगन होतं, ऑशकॉश नव्हतं. ते एनबीएलची सगळी बारा वर्षं खेळून त्याच वर्षी थांबलं.

१९४९-५०च्या हंगामाचं वेळापत्रकच सगळं सांगतं. एनबीएलच्या वाटेने आलेल्या सात संघांनी आपसांत सात-सात सामने खेळायचे, आणि बीएएच्या दहा संघांशी फक्त दोन-दोन. लग्न झालं, पण चुली वेगळ्याच राहिल्या. न्यूयॉर्कच्या मालकांना गार्डनच्या दर्शनी फलकावर शेबॉयगनचं नाव लावणं पसंत नव्हतं, असं त्या काळाबद्दल लिहिणारे सांगतात. मैदानात मात्र नाव पुरून उरलं. आता प्रशिक्षक केन सूसेन्स होता, १९४३च्या विजयातला खेळाडू. ५ जानेवारी १९५० रोजी मिनियापोलिस लेकर्स गावात आले. जॉर्ज मायकन, सहा फूट दहा इंच, त्या काळातला सर्वांत मोठा खेळाडू. मायकनने एकट्याने ४२ गुण केले. शेबॉयगनने सामना ८५-८२ असा जिंकला. लेकर्स त्या वर्षीचे विजेते ठरले. मार्चमध्ये डेन्व्हरविरुद्ध शेबॉयगनने १४१ गुण केले, डेन्व्हरचे १०४. सेकंदांचं बंधन नसलेल्या काळात हा आकडा थक्क करणारा आहे. २२ विजय, ४० पराभव, विभागात चौथा क्रमांक, तरीही प्ले-ऑफमध्ये प्रवेश. तिथे इंडियानापोलिसने २-१ असं बाहेर काढलं.

हंगाम संपताच सहा संघ गेले, त्यांत शेबॉयगन. बाहेर पडलेल्यांतल्या काही लहान गावांना घेऊन एक नवी लीग निघाली. तिचे प्रमुख डॉक्सी मूर हे शेबॉयगनचे माजी प्रशिक्षक. तिथे शेबॉयगनने २९ सामने जिंकले, १६ हरले, पण लीगच वर्षभरात कोलमडली. १९५१-५२ मध्ये क्लब कुठल्याही लीगविना खेळला आणि थांबला.

शेबॉयगनपासून शंभरेक किलोमीटर उत्तरेला ग्रीन बे आहे. तेही लहान शहर, तरी त्याचा अमेरिकन फुटबॉलचा संघ ‘पॅकर्स’ आजही अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या लीगमध्ये आहे. मग शेबॉयगन का नाही टिकलं, असं नेहमी विचारलं जातं. फुटबॉलचा सामना आठवड्याला एक, बहुधा रविवारी. अर्धं राज्य गाडी काढून येऊ शकतं, आणि पॅकर्स तर कित्येक दशकं आपले काही घरचे सामने मिलवॉकीत खेळले. बास्केटबॉलला आठवड्यात दोन-तीन रात्री हॉल भरावा लागतो, तोही विस्कॉन्सिनच्या हिवाळ्यात, दुसऱ्या दिवशी कामावर जाणाऱ्या माणसांनी. शेबॉयगनच्या निष्ठेत खोट नव्हती, रात्री जास्त होत्या.

जे टिकले त्यांनी गाव सोडलं. पिस्टन्स १९५७ मध्ये डेट्रॉइटला गेले. लेकर्स १९६० मध्ये लॉस एंजेलिसला. सिराक्यूजचा संघ फिलाडेल्फियाला. रॉचेस्टरचा सिनसिनाटी, कॅन्सस सिटी करत सॅक्रामेंटोला. ट्राय-सिटीजचा मिलवॉकी, सेंट लुइस करत अटलांटाला. त्या सतरा संघांपैकी आज आपल्या मूळ शहरात खेळणारे दोनच आहेत, न्यूयॉर्क आणि बोस्टन. शेबॉयगनचा संघ दुसऱ्या कुठल्याही शहराच्या नावाने कधी खेळला नाही.