संबद्धता म्हणजे काय? अक्कलकोटच्या मूळपुरुषाच्या निमित्तानें एक टिपण

‘प्रस्तुत’ आणि ‘अप्रस्तुत’ हे शब्द आपण रोजच्या बोलण्यांत सढळ हातानें वापरतों. कोणी विषय सोडून बोलूं लागला कीं ‘तें येथें अप्रस्तुत आहे’ असें म्हणावें आणि मोकळें व्हावें. न्यायालयांत हा शब्द इतका सैल नाहीं. फिट्झजेम्स स्टीफन यानें मसुदा केलेला १८७२ चा पुराव्याचा कायदा आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं आलेला भारतीय साक्ष्य अधिनियम या दोहोंचा दंडक एकच आहे. जें वादांत आहे तें, आणि त्याच्याशीं संबद्ध असेल तें, एवढ्याचाच पुरावा द्यावा. इतर कशाचाहि नाहीं. संबंध कोणत्या प्रकारांनीं जुळतो हेंहि कायद्यानेंच कलमवार सांगून ठेविलें आहे.

याचें महत्त्व संग्राहकांस किती, हें अक्कलकोटच्या घराण्यावरून पाहूं. १७०७ त शाहू महाराज मोंगलांच्या कैदेंतून सुटून स्वदेशीं येत असतां पारद गांवीं चकमक झाली. गांवचा पाटील सयाजी लोखंडे पडला, आणि त्याच्या विधवेनें आपलें मूल महाराजांच्या पालखींत आणून घातलें. हा राणोजीच पुढें फत्तेसिंह भोसले झाला. अक्कलकोटची जहागीर त्यास मिळाली आणि त्या घराण्याची सत्ता १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत टिकली. आतां प्रश्न असा घेऊं कीं, महाराजांनीं यास विधिपूर्वक दत्तक घेतलें होतें, कीं केवळ पुत्रवत् पाळलें?

पालखीची हकीकत सर्वांच्या तोंडीं आहे. परंतु या प्रश्नापुरती ती बहुतेक अप्रस्तुतच ठरते. मूल कोठून आलें तें ती सांगते. तें कोणत्या नात्यानें राहिलें तें सांगत नाहीं. १७४९ त शाहूच्या मृत्यूनंतर गादीवर फत्तेसिंह न येतां ताराबाईनें आपला नातू म्हणून पुढें आणलेला रामराजा आला, ही गोष्ट मात्र संबद्ध आहे. ती निर्णायक आहे असें नव्हे. संबद्धता आणि वजन हीं दोन निराळीं आहेत, आणि आमच्या मंडळींच्या वादांत यांचा घोटाळा फार होतो.

आतां समजा, एखाद्या रोजकीर्दींत सणाच्या पोशाखांची याद सांपडली आणि तींत फत्तेसिंहाचें नांव राजकुटुंबाच्या माणसांत लिहिलेलें निघालें. अशी याद ‘किरकोळ’ म्हणून बाजूस ठेवणारे पुष्कळ. आम्हींहि ठेविल्या आहेत. परंतु नात्याची माहिती असण्याजोग्या माणसांनीं आपल्या वर्तनानें तें नातें मानल्याचें दाखविलें, तर तें वर्तन संबद्ध, असें जुन्या कायद्याचें ५० वें व नव्याचें ४४ वें कलम सांगतें. रुक्ष याद येथें रसाळ बखरीच्या पुढें जाते. फत्तेसिंहाच्या उत्पन्नाचा प्रश्न असता तर तीच याद जवळजवळ निरुपयोगी ठरती. म्हणजे संबद्धता कागदाच्या अंगीं नसते. ती कागद आणि प्रश्न यांच्यामध्यें असते. प्रश्न पुढच्या पिढीचा असावयाचा, म्हणून आज कोणता कागद अप्रस्तुत हें ठरवून तो रद्दींत घालणें धाडसाचें आहे.

आपल्या जुन्या धर्मशास्त्रानें लिखित, भुक्ति आणि साक्षी अशीं प्रमाणें मानिलीं. त्यांतील लिखिताची गोष्ट आणखी एका कारणानें नाजूक आहे. तीस वर्षांवरचा दस्तऐवज योग्य ताब्यांतून आला, तरच त्यावरील सही व अक्षर खरें धरण्याची मुभा न्यायालयास मिळते. जुन्यांत हें कलम ९० वें होतें, नव्यांत ९२ वें आहे. असें असतां रुमाल सोडून सुंदर शिक्क्यांचे कागद वेगळे काढावयाचे आणि बाकीचे विकून टाकावयाचे, ही रीत कागदाचें मूळ घरच तोडते. वेगळा काढलेला कागद अस्सल असला तरी त्याचा शेजार गेला, आणि पुष्कळदां त्याचा संबंध त्या शेजाऱ्यावरूनच कळावयाचा असतो.

यास्तव आमची सूचना एवढीच कीं, कागद ज्या दप्तरांतून आला तें दप्तर, रुमाल, मागचापुढचा कागद आणि हातीं आल्याचा दिवस वेष्टनावर लिहून ठेवावा. कागदावर कांहीं लिहूं नये. पाठीवरचे आंकडे व खोडलेल्या ओळी यांचीहि नक्कल घ्यावी, मग त्या कितीहि भलत्याच वाटोत.