कॅनडा की जर्मनी? आधी घरातली वयं मांडा

भिंगारमधून कुटुंबासह परदेशी निघणाऱ्यांचा हिशेब पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांपेक्षा वेगळा असतो. नगरला आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आहे, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री रेजिमेंटल सेंटर आहे, लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई आहे. त्यामुळे भिंगारच्या छावणीला लागून फौजेतून निवृत्त होऊन राहिलेली घरं बरीच. फौजी माणूस चाळिशीच्या आसपास पेन्शनीत निघतो. हातात फंडाचे पैसे, मुलं शाळा-कॉलेजात, घरात म्हातारी आई, आणि डोक्यात ‘आता बाहेर जाऊ’. मग चर्चा सुरू होते ती थंडी, पगार, तिथे आपली माणसं किती, यावर. हे सगळं नंतरचं. आधी घरातल्या प्रत्येकाचं वय कागदावर मांडायला हवं, कारण दोन्ही देशांचे नियम वयापाशीच येऊन अडतात.

समजा, घर असं आहे: निवृत्त दफेदार, वय ४१. बायको जीएनएम झालेली नर्स, वय ३५. मुलगी १९ वर्षांची, मुलगा नऊ वर्षांचा, आणि आजी. हे घर डोळ्यांसमोर ठेवून ऐकीव समजुती एकेक तपासू.

पहिली समजूत: फाइल घरच्या कर्त्या पुरुषाच्या नावे लावायची असते. तसं काही नाही. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्री या गुणांवर चालणाऱ्या अर्जपद्धतीत नवरा-बायकोपैकी कुणीही मुख्य अर्जदार होऊ शकतो आणि ज्याचे गुण जास्त त्याने व्हावं. जोडीदारासह अर्ज असेल तर वयाचे पूर्ण १०० गुण २९ वर्षांपर्यंतच मिळतात. तिशीनंतर ते उतरतात: ३५ व्या वर्षी ७०, ४१ व्या वर्षी ३५, आणि पंचेचाळिशीला शून्य. म्हणजे आपल्या दफेदारांपेक्षा त्यांच्या पत्नीला नुसत्या वयाचे दुप्पट गुण. शिवाय २०२३ पासून कॅनडा काही क्षेत्रांसाठी वेगळे ड्रॉ काढतो आणि त्यांत आरोग्यसेवा आहे. तेव्हा इंग्रजीच्या परीक्षेला आधी बाईंनी बसावं. हे घरात बोलायला कधी कधी जड जातं, पण गुणपत्रकाला मानापमान कळत नाही.

दुसरी समजूत एजंट मुद्दाम पसरवतात: नोकरीचं पत्र आणलं की पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, लागलीच. पूर्वी अशा पत्राचे ५०, वरिष्ठ पदांसाठी तर २०० गुण मिळायचे. २५ मार्च २०२५ पासून एक्स्प्रेस एंट्रीतले हे गुण बंद झाले. प्रांताने नामनिर्देशन केलं तर ६०० गुण आजही मिळतात, पण ती वेगळी वाट आहे. दारंही आखडली आहेत. २०२५ साठी पाच लाख लोकांना पीआर देण्याचं कॅनडाने आधी ठरवलं होतं, ते ऑक्टोबर २०२४ मध्ये ३ लाख ९५ हजारांवर आणलं. गुणवत्ता यादी तशीच, जागा कमी. अशा वेळी लाखो रुपये घेऊन कुणी ‘जॉब ऑफर’ विकत असेल तर तो नेमकं काय विकतोय, हे त्यालाच विचारा.

आता जर्मनी. नगरचं आणि जर्मनांचं नातं तसं जुनं: पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातल्या जर्मन नागरिकांना ब्रिटिशांनी अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध केलं होतं. हल्लीचं नातं सुदैवाने उलट्या दिशेचं आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, दहा हजार उमेदवारांची भाषा झाली, आणि जिल्ह्याजिल्ह्यात ‘जर्मनी आता घेतंय’ अशी हवा तयार झाली. करार म्हणजे व्हिसा नव्हे. व्हिसा मिळतो तो प्रत्येकाच्या कागदांवर, आणि तिथे तीन ठिकाणी गाडी अडते.

एक, आयटीआय. ‘कौशल्य असलं की झालं’ असं म्हणतात, पण जर्मनीला सरकारमान्य आणि किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण लागतं. फिटर, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे ट्रेड चालू शकतात. वेल्डर एक वर्षाचा असल्याने तिथेच मागे पडतो, मग हात कितीही सफाईदार असो. दोन, भाषा. नर्सला तिथे पूर्ण नर्स म्हणून काम करायचं तर पदविकेला जर्मन मान्यता आणि बहुतेक राज्यांत बी-टू पातळीची जर्मन लागते. मान्यता मिळेपर्यंत मदतनीस म्हणून काम, पगारही त्याच हिशेबाने. ‘तिकडे गेल्यावर शिकू’ ही कल्पना वॉर्डात पहिल्याच पाळीला उताणी पडते. तीन, संधीकार्ड. १ जून २०२४ पासून सुरू झालेल्या या कार्डावर वर्षभर तिथे राहून नोकरी शोधता येते, आठवड्याला २० तासांपर्यंत कामही करता येतं. वयाचे गुण इथेही आहेत: पस्तिशीपर्यंत दोन, चाळिशीपर्यंत एक, पुढे काही नाही. पण खरी मेख अशी की या कार्डावर बायको-मुलांना साधारणपणे नेता येत नाही. जाहिरातीत हसरं चौकोनी कुटुंब दाखवलेलं असतं, ते या कार्डाचं नव्हे.

मुलांच्या बाबतीत दोन देशांतला फरक सर्वांत मोठा आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. कॅनडात २२ वर्षांखालचं अविवाहित मूल आई-वडिलांच्या अर्जात बसतं आणि एक्स्प्रेस एंट्रीत पूर्ण अर्ज दाखल झाल्याच्या दिवशीचं वय धरतात. जर्मनीत ही रेषा १८ वर आहे. आपल्या घरातली १९ वर्षांची मुलगी कॅनडाला आई-बापांबरोबर जाईल. जर्मनीला तिला स्वतःच्या पायावर, म्हणजे विद्यार्थी म्हणून वेगळा व्हिसा काढून जावं लागेल. त्यासाठी वर्षाचे ११,९०४ युरो गोठवलेल्या खात्यात दाखवावे लागतात. ‘जर्मनीत कॉलेज फुकट’ हे बऱ्याच राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांबाबत खरं, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून सत्राला १,५०० युरो घेतं. करार ज्या राज्याशी झाला, तेच हे राज्य.

नऊ वर्षांच्या मुलाचं काय? ‘लहान आहे, कुठेही रुळेल’ असं सगळे म्हणतात. जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात: विद्यापीठाकडे नेणारं गिम्नाझियम एकीकडे, कामधंद्याच्या शिक्षणाकडे नेणाऱ्या शाळा दुसरीकडे. पुढे वाट बदलता येते, पण आठ-नऊ वर्षांचं मूल नवी भाषा चाचपडत असतानाच ही निवड समोर येते. मूल पाच वर्षांचं असेल तर मी जर्मनीचं नाव बिनधास्त घेईन. नऊ वर्षांचं असेल तर दहा वेळा विचार करीन.

आजीला ‘नंतर बोलावून घेऊ’ हे तर प्रत्येक घरात ठरलेलंच असतं. कॅनडात पीआर किंवा नागरिक झालेल्या मुलाकडे आई-वडील सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू शकतात, मात्र किमान एक लाख डॉलरचा आरोग्य विमा आणि मुलाचं ठरावीक उत्पन्न दाखवावं लागतं. जर्मनीने १ मार्च २०२४ नंतर पहिल्यांदा परवाना मिळालेल्या कुशल कामगारांच्या आई-वडिलांसाठी दार किलकिलं केलं आहे, पण त्यांचा खर्च आणि विमा मुलानेच उचलायचा, आणि उतारवयात तिथला विमा मिळवणं हेच मोठं काम. यात फौजी घरांनी एक विसरू नये: आजीचं ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड नगरला चालतं, टोरोंटो-स्टुटगार्टला नाही.

उरली जमीन. ‘बाहेर गेलं की सातबाऱ्यावरून नाव उडतं’ ही भीती निराधार आहे. वारसाने आलेली शेती अनिवासी भारतीयाकडे राहते, परदेशी नागरिकत्व घेऊन ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्डधारक झालेल्याकडेही राहते. नवी शेतजमीन मात्र दोघांनाही विकत घेता येत नाही, आणि असलेली विकायची तर भारतात राहणाऱ्यालाच. जर्मनीने २७ जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वाला मोकळीक दिली याचा आपल्याला उपयोग नाही, कारण भारत ते मानत नाही. परदेशी पासपोर्ट घेतला की इथला परत करावा लागतो.

एजंटबद्दल थोडंच. परदेशात नोकरी लावून देणारी संस्था परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेली असावी लागते, ते ईमायग्रेट पोर्टलवर पाहता येतं, आणि तिला उमेदवाराकडून ३० हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. कॅनडाच्या अर्जासाठी पैसे घेऊन सल्ला देणारा वकील तरी हवा किंवा तिथल्या सल्लागारांच्या कॉलेजचा परवानाधारक तरी. परवाना क्रमांक मागितल्यावर चहा मागवणाऱ्याकडे फाइल ठेवू नका.

या घरापुरतं माझं मत विचाराल, तर बाईंच्या नावे कॅनडा, आणि तेही मुलगी बावीसची व्हायच्या आत. हेच घर सहा वर्षं तरुण असतं, तर बाईंना मी आधी जर्मनच्या वर्गात बसवलं असतं.