ओरखडा कुठून येतो

सकाळी ८
सोलापुरात पार्क चौकाजवळच्या आमच्या एडिटिंगच्या खोलीत पहिलं काम एकच: रात्री कॉपीला लावलेलं फुटेज दोन्ही हार्ड डिस्कवर नीट उतरलंय का, ते बघणं. डिसेंबर म्हणजे लग्नसराई. पण यंदा टेबलावर एका कॉलेजच्या पोरांची फिल्मही आहे, सोलापूरच्या चार हुतात्म्यांवरची. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिली गेली. त्याच तारखेच्या हुतात्मा दिनाला ती दाखवायचीय. १९३०च्या मोर्चाचे प्रसंग पोरांनी मिररलेस कॅमेऱ्यावर घेतलेत. ते त्या काळातले दिसायला हवेत.

९.३०
आधी लग्न. नवरीला गाणं जुन्या सिनेमासारखं ‘ईस्टमनकलर’ हवंय. अशा वेळी सरसकट पिवळट फिल्टर लावला जातो, आणि मला तो पटत नाही. त्या जुन्या प्रिंटा लालसर होत, कारण त्यांच्यातला सायन रंग आधी उडायचा. म्हणून सावल्यांमधला सायन थोडा काढतो, शालूला हात लावत नाही. माळेतल्या दिव्यांभोवती तांबूस वलय देतो. त्यालाही कारण आहे: तेजस्वी उजेड फिल्मच्या थरांतून आरपार जाऊन मागच्या पट्टीवरून परततो आणि सगळ्यात खालच्या, लाल टिपणाऱ्या थराला आधी लागतो. वलय दिव्यालाच शोभतं, चेहऱ्याला नाही.

११.३०
आता १९३०. पहिला निर्णय आवाजाचा. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ पडद्यावर आला १४ मार्च १९३१ला, म्हणजे फाशीनंतर दोन महिन्यांनी. तोवर आपले कथापट मुके होते. मोर्चाच्या दृश्यांतल्या घोषणा मी बंद करतो. फक्त निवेदन राहतं, आणि तोंडं उघडलेली दिसतात.

मग वेग. पोरांनी चाल भरभर केली होती, जुन्या फिल्ममध्ये माणसं दुडदुडत चालतात म्हणून. पण मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवत, सेकंदाला साधारण सोळा ते वीस फ्रेम. तीच रिळं पुढे चोवीसच्या वेगाने दाखवली गेली आणि माणसं पळायला लागली. फाशीच्या वाटेवरची माणसं मला तशी दाखवायची नाहीत. फ्रेम अठरावर आणतो, चाल मात्र माणसाची ठेवतो.

१.३०
कडक भाकरी, शेंगाचटणी, दही.

२
दिवसातला सगळ्यात मोठा वेळ इथेच जातो. साधं ‘ब्लॅक अँड व्हाइट’ बटण दाबून भागत नाही. मूकपटांच्या काळातली ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. लाल चॅनेल उतरवून निळा चढवला की लुगड्याचा लाल काळा पडतो, कुंकू काळं होतं, डिसेंबरचं निळं आभाळ पांढरं धुऊन निघतं आणि उन्हात रापलेल्या चेहऱ्यांवरची प्रत्येक रेघ वर येते. पांढऱ्या टोप्या डिजिटलमध्ये एकदम फटफटतात. फिल्मचा पांढरा हळूहळू चढतो, म्हणून वरची बाजू वळवून मऊ करतो.

ग्रेन त्यानंतर. तो चांदीच्या कणांचा पोत, दर फ्रेमला नवा. मधल्या करड्या छटांत ठळक, शुभ्र पांढऱ्यात जवळजवळ नाहीसा. ग्रेनची एकच छोटी क्लिप पुन्हा पुन्हा फिरवली तर डोळा ती पकडतो.

माझा मदतनीस म्हणतो, “सर, ओरखडे अजून टाकू की?” त्याला ओरखड्याची वाट समजावतो. फिल्म प्रोजेक्टरमधून उभी धावते, म्हणून ओरखडा उभा असतो आणि बऱ्याच फ्रेम एकाच जागी थरथरत राहतो. धूळ एका फ्रेमपुरती. निगेटिव्हवर बसलेली धूळ पडद्यावर पांढरी दिसते, प्रिंटवरची काळी. हे कळलं की तो आपणच निम्मे ओरखडे काढून टाकतो.

५
हुतात्म्यांचे जुने फोटो टाइमलाइनवर येतात. त्यांच्यावर ग्रेन नाही, धूळ नाही, काहीच नाही. जे खरं आहे त्याला जुनं करायचा अधिकार मला नाही. आणि आम्ही घडवलेल्या प्रत्येक दृश्याच्या कोपऱ्यात, ते संपेपर्यंत, ‘नाट्यरूप दृश्य’ अशी अक्षरं ठेवतो. दृश्य इतकं जमलंय की कुणी तुकडा कापून पुढे पाठवला तर तो १९३०चाच पुरावा समजला जाईल. त्या वर्षाच्या मोर्चाबद्दल एक खोटी फिल्म गावात फिरू नये.

७
एक्सपोर्ट. बिटरेट नेहमीपेक्षा बराच वर, कारण दर फ्रेमला बदलणारा ग्रेन दाबून बसवणं कॉम्प्रेशनला जड जातं. व्हॉट्सॲपवरून गेला की त्याचा चिखल होतो, म्हणून फाइल पेनड्राइव्हनेच द्यायची.

८
कॉलेजचे सर खोलीवर येऊन बघतात. “मस्त झालंय वो. फक्त रीलसाठी त्या कोपऱ्यातल्या अक्षरांशिवाय एक द्या की.”
“सर, रीलसाठी उभ्या मापात करून देतो. अक्षरं मात्र राहतील, मोठी करून मधोमध घेतो.”
ते जरा थांबतात. “बरं. उद्या दहाला पोरगं पाठवतो.”