चेहऱ्याचे वय आणि पाटावरचे वय

आमची धाकटी सूनबाई त्वचारोगांची डॉक्टर आहे. कोल्हापुरात एका भागीदाराबरोबर तिने सौंदर्यचिकित्सेचा दवाखाना थाटला असून सुरकुत्या, वांग, मुरुमांचे व्रण, गळणारे केस यांवर तेथे उपचार होतात. "गुरुजी, तुमची सूनबाई म्हाताऱ्याचे तरणे करते म्हणे!" असे कोडोलीच्या पारावर आम्हांस कोणी ना कोणी ऐकवितोच. आम्ही हसून वेळ मारून नेत असू. परंतु मनातून हा व्यवसाय आम्हांस फारसा रुचत नव्हता, हे आज कबूल केले पाहिजे. आमचा जन्म खेड्यांतील शाळांतून संस्कृत व मराठी शिकविण्यात गेला. वैद्यकातले आमचे ज्ञान म्हणजे वाग्भट व चरक यांची हौसेने चाळलेली काही पाने, एवढेच. तेव्हा पुढील मजकूर अधिकाराचा नसून घरात जे घडले त्याचा आहे, असे वाचकांनी समजावे.

गेल्या श्रावणात आमच्या कुटुंबाच्या चेहऱ्यावर एकाएकी तेज आले. त्यांस गालांवर पुष्कळ वर्षांचा वांग आहे. कोणा मैत्रिणीने बाजारातून मलमाची एक डबी आणून दिली. झाकण सोनेरी, पण करणाऱ्याचे नाव वा पत्ता काही नाही. महिनाभरात वांग फिकट झाला, कातडी नितळ दिसू लागली, आणि मंगळागौरीस जमलेल्या बायकांनी कौतुक केले. चौसष्टाव्या वर्षी झालेले कौतुक कोणास नको असते? आम्हीही एकदा म्हणालो, "सुनेच्या हातचा गुण दिसतो." त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. सुनेला विचारावयाचा त्यांस संकोच वाटला होता, हे आम्हांस मागाहून कळले.

दुसऱ्या महिन्यात चेहरा लाल झाला. शेगडीपुढे उभे राहिले की आग होई. उन्हात तर जाववेना. मलम बंद करावे तर लाली दुप्पट वाढे, आणि पुन्हा लावले की उतरे. असे पंधरा दिवस गेले. आता वाचक विचारतील, घरात त्वचेची डॉक्टर असता हे कोणास दिसले कसे नाही? त्याचे उत्तर सोपे आहे आणि लाजिरवाणेही. सूनबाई सकाळी आठाला बाहेर पडे ती रात्री नऊ-साडेनऊला परते. दिवसभर परक्या स्त्रियांचे चेहरे भिंगाखाली न्याहाळणाऱ्या या मुलीस दिवसाउजेडी सासूचे तोंड पाहण्यास दोन महिने सवड मिळाली नव्हती.

एका रविवारी तिने ते पाहिले, आणि डबी हाती घेऊन ती मटकन खालीच बसली. तिने सांगितले ते असे. अशा निनावी मलमांत बहुधा स्टेरॉईड असते. ते प्रथम कातडी उजळविते, मग पातळ करते, आणि सवय लागली म्हणजे सोडणाऱ्याचा सूड घेते. डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून अशी मलमे विकली जाऊ नयेत म्हणून सरकारने २०१८ साली नियम कडक केले. तरीही ती मिळतातच. आणि स्टेरॉईड नसेल तर त्याहून वाईट असे दुसरे द्रव्य असू शकते, ते म्हणजे पारा. २०२३ साली अकोल्याच्या एका घरातील मायलेकींची मूत्रपिंडे बिघडली, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात शोध घेता त्यांच्या गोरे करणाऱ्या मलमात पारा सापडला. पारा कातडीचा काळा रंग बनू देत नाही, म्हणून माणूस उजळ दिसतो. पण तोच रक्तावाटे मूत्रपिंडात जाऊन बसतो. सासूबाईंचे मूत्र व रक्त तपासावयास पाठविले. त्याचा निकाल येईपर्यंतचे तीन दिवस आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. निकाल चांगला आला. कातडी मात्र सुधारावयास सात-आठ महिने लागले, आणि वांग होता तेथे परत आला.

वांग हा शब्द संस्कृत 'व्यंग' यापासून आला. सुश्रुताने तो क्षुद्ररोगांत घातला असून क्रोध आणि आयास, म्हणजे संताप व अतिश्रम, ही त्याची कारणे दिली आहेत. आजचे शास्त्र ऊन, बाळंतपणे व शरीरातील स्राव यांस मुख्य दोष देते. सुश्रुताचे मत आम्ही घरी मोठ्या उत्साहाने वाचून दाखविले, तेव्हा आमच्या कुटुंबाने आमच्याकडे अशा काही नजरेने पाहिले, की क्रोध व आयास यांचे मूळ कोठे आहे याविषयी पुढे चर्चा करण्याचे आम्ही टाळले.

हा सारा प्रकार झाल्यावर सौंदर्यचिकित्सा म्हणजेच थोतांड असे आम्ही म्हणू लागलो. तेव्हा सूनबाईने आम्हांस आमच्याच प्रांतातला दाखला दिला. टिपूशी झालेल्या युद्धात कावसजी नावाचा इंग्रजांकडील एक बैलगाडीवान १७९२ साली शत्रूच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे वर्षभराने पुण्याकडील एका कुंभाराने त्याच्या कपाळाची कातडी उतरवून, मुळाशी जोडलेली ठेवून व खाली वळवून तिचे नवे नाक बसविले. ही हकीकत १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' मध्ये चित्रासह छापून आली, आणि ती वाचून कार्प्यू नावाच्या शस्त्रवैद्याने १८१४ साली लंडनमध्ये तशीच क्रिया केली. ज्या विद्येकडे आम्ही नाक मुरडीत होतो तिचा एक पाया मराठी मुलखातल्या एका कुंभाराने घातला, हे आम्हांस ठाऊक नव्हते. ज्याचे नाक गेले त्यास नाक मिळणे ही चैन नव्हे. भाजलेला चेहरा, कोड, मुरुमांच्या खड्ड्यांमुळे घराबाहेर न पडणारी मुलगी, यांवरचे उपचारही चैन नव्हेत. सुरकुत्यांची सुईसुद्धा मुळात रोगावरचीच. डोळ्यांच्या पापण्या आपोआप मिटण्याच्या विकारावर कॅनडातील कॅरुथर्स नावाच्या नेत्रवैद्य बाई ती देत असत. १९८७ साली एका रोग्याने कपाळावरच्या आठ्या नाहीशा झाल्याचे सांगितले, आणि त्यातून पुढचा सगळा बाजार उभा राहिला. त्या सुईने स्नायू शिथिल होतो, आठी मोडते. तीन-चार महिन्यांनी आठी परत येते. शरीराचे वय मधल्या काळात तीन-चार महिन्यांनी वाढलेलेच असते.

आपल्या पूर्वजांनाही तारुण्याचा हा लोभ काही कमी नव्हता. च्यवन ऋषींस अश्विनीकुमारांनी तरुण केले. ययातीने तर पोटच्या पोराचे तारुण्य उसने घेतले. त्याच ययातीवर भाऊसाहेब खांडेकरांनी आमच्या कोल्हापुरात बसून कादंबरी लिहिली; ती १९५९ साली प्रसिद्ध झाली व तिला ज्ञानपीठ मिळाले. परंतु कथा सोडून द्या. १९३८ साली पंडित मदनमोहन मालवीय यांनी, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, एका तपस्वी बाबांच्या देखरेखीखाली कायाकल्प करून घेतला. चरकाने सांगितलेल्या कुटीप्रावेशिक विधीप्रमाणे ते अंधाऱ्या कुटीत सुमारे दीड महिना राहिले. देशभर त्याची चर्चा झाली. आरंभी प्रकृतीस उतार पडला असे वाटले, पण तो टिकला नाही. १९४६ साली पंडितजी निवर्तले. एवढ्या थोर पुरुषासही जे साधले नाही ते सोनेरी झाकणाच्या डबीस कसे साधावे?

आता ज्या प्रसंगामुळे आम्ही लेखणी हाती घेतली तो सांगतो. दिवाळीच्या सुट्टीत घरची सगळी मंडळी जमली होती. सूनबाईने एक खेळ काढला. ब्राझील देशातील आराउजो नावाच्या डॉक्टरांनी ५१ ते ८० वयाच्या २००२ माणसांस जमिनीवर बसावयास व उठावयास सांगितले, आणि सुमारे सहा वर्षे त्यांचा मागोवा ठेवून २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. एकंदर गुण दहा, बसण्यास पाच व उठण्यास पाच. हात किंवा गुडघा टेकला की दर खेपेस एक गुण वजा. ज्यांस कमी गुण मिळाले त्यांच्यात त्या काळातील मृत्यूंचे प्रमाण कितीतरी पट अधिक निघाले. जमिनीवर बसल्याने आयुष्य वाढते, असा याचा अर्थ नव्हे. पायांतील बळ, सांध्यांचा लवचीकपणा आणि तोल ही त्यात एकदम तपासली जातात, एवढेच.

पाट मांडला. आमचे वडील बंधू वयामुळे सुटले. आमच्या चिरंजीवांनी दोन्ही हात टेकले. आम्ही एक हात व एक गुडघा टेकून उठलो आणि आपण बरे आहोत असे समजलो. मग सूनबाई बसली. वय बेचाळीस, चेहरा तिशीचा, कपाळावर रेघ नाही. ती उठू लागली, तोल गेला, हात टेकला, गुडघाही टेकला. सगळे हसले, तीही हसली. इतक्यात आमचे कुटुंब स्वयंपाकघरातून करंज्यांचे ताट घेऊन आले, आणि काय चालले आहे ते न विचारता, ताट हातात तसेच धरून पाटावर बसले. लाल, सोललेल्यासारखा चेहरा. "घ्या," म्हणाल्या, आणि ताट ठेवून, कोठेही हात न टेकता सरळ उठून परत चुलीकडे गेल्या.

सूनबाईचे हसणे तेथेच थांबले. "मामंजी, आईंना दहापैकी दहा," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, फक्त आम्हांस ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मला रक्तदाबाची गोळी चालू झाली आहे. कोणाला सांगितले नव्हते."

दिवसभर उभे राहावयाचे, दोन रोग्यांच्या मध्ये चहा-बिस्किटे खावयाची, रात्री दहाला जेवावयाचे, मध्यरात्रीपर्यंत दिव्याच्या पडद्यावर हिशेब पाहावयाचे, असे तिचे नऊ वर्षे चालले होते. रक्तातली साखरही सीमेवर आली होती. साखरेविषयी तिने सांगितले ते आम्हांस फार मार्मिक वाटले. भाकरी तव्यावर तांबूस होते ती साखर व प्रथिन यांच्या संयोगाने. ही क्रिया माय्यार नावाच्या फ्रेंच रसायनज्ञाने १९१२ साली वर्णिली. तीच क्रिया आपल्या अंगात अतिमंद गतीने चालू असते. मधुमेह्यांची तीन महिन्यांच्या साखरेची जी तपासणी करतात, ती तांबड्या पेशींतील प्रथिनास किती साखर चिकटली हेच मोजते. कातडीस ताण देणारे जे कोलॅजेन, त्यासही साखर चिकटते व ते ताठर होते. आणि कोलॅजेन काही चेहऱ्यातच नसते. ते रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही असते. "चेहऱ्यातले मला सुईने झाकता येते, मामंजी, धमनीतले कोण झाकणार?" हे ती ज्या गावी बोलली तेथून वारणेचा साखर कारखाना हाकेच्या अंतरावर आहे, हे ध्यानात घ्यावे. उसाच्या फडात राबणाऱ्या आमच्या बायकांचे चेहरे उन्हाने चाळिशीतच साठीचे होतात. पण चैत्रात जोतिबाचा डोंगर त्या एका दमात चढतात. शहरातील बायकांचे याच्या उलट होत आहे, असे सूनबाईचे म्हणणे.

आमच्या गावी यशवंत आयुर्वेद महाविद्यालय आहे. त्यामुळे कोडोलीस रसायन म्हटले की लोकांस डबाबंद अवलेह आठवतो. चरकाचे रसायन याहून मोठे आहे. कुटीत कोंडून घेणाऱ्या विधीबरोबरच वारा व ऊन यांत वावरणाऱ्या माणसासाठी त्याने वातातपिक विधी सांगितला, आणि शेवटी आचाररसायन म्हणून जे सांगितले त्यात औषध जवळजवळ नाहीच. खरे बोलावे, रागावू नये, अतिश्रम टाळावे, झोप व जागरण यांत मेळ असावा, दूधतूप नित्य घ्यावे, वडीलधाऱ्यांची सेवा करावी. तरुणपणी ही यादी आम्हांस भिक्षुकी वाटे. आता झोप आणि श्रम यांविषयी डॉक्टर जे सांगतात ते ऐकले म्हणजे तसे वाटत नाही.

औंधचे पंडित सातवळेकर मूळचे चित्रकार. माणसांचे चेहरे रंगविण्यावर त्यांनी उपजीविका केली, आणि स्वतः मात्र योगासने व सूर्यनमस्कार धरून राहिले. १८६७ साली जन्मलेले ते १९६८ साली, शंभरी ओलांडून गेले. अण्णासाहेब कर्वे १०४ वर्षांचे झाले. सगळ्यांसच हे लाभेल असे नाही. उत्तम आचाराचे किती तरी लोक पन्नाशीत गेलेले आम्ही पाहिले आहेत, आणि तंबाखू खाऊन नव्वदी गाठलेले आमचे एक मामाही होते.

सूनबाईने मार्गशीर्षापासून दवाखान्याची वेळ सायंकाळी सहापर्यंत आणली. पहाटे बारा नमस्कार, मग पाण्याच्या भरलेल्या दोन कळशा उचलून अंगणात फेऱ्या. पायांचे व हातांचे स्नायू तिशीनंतर झिजू लागतात, त्यांस ओझे दिल्यावाचून ते राहत नाहीत, असे ती म्हणते. जेवणात उसळ व ताक वाढले, बिस्किटे गेली. लग्न ठरलेल्या मुली गोरे होण्याची सुई मागत येतात, त्यांस ती परत पाठविते. छत्री वापर, उन्हात जाताना मलम लाव आणि मिश्री सोड, एवढे सांगून पैसेही घेत नाही. या मुलींस पाठविणारे कोण, हे पाहावयाचे असेल तर आपल्याच समाजाच्या वधूवरसूचक पत्रिका चाळाव्या. 'गोरी' हा शब्द त्यांतून अजून गेलेला नाही.

याची किंमत पडली. भागीदाराने पटत नाही म्हणून अंग काढून घेतले. यंत्रांचे कर्ज अजून चार वर्षांचे आहे. चिरंजीवांचे व तिचे त्यावरून दोनदा बोलणे झाले, आणि एका वेळी आमचे मत विचारण्यात आले. निवृत्तिवेतनातून हप्त्यास हातभार लावू, एवढेच आम्ही सांगितले. नातवाच्या इंजिनियरिंगसाठी ठेवलेली रक्कम त्यात जाईल की काय, ही चिंता आम्हांस आहेच; ती लपविण्यात अर्थ नाही.

आमच्या कुटुंबाचा चेहरा आता निवला आहे. वांगासह त्या सकाळी अंगणात तुळशीपाशी छत्री घेऊन उभ्या असतात, आणि सून कळशा घेऊन फेऱ्या घालीत असते, ती त्या मोजतात. आमची पाटावरची उठबस चालू आहे. परवा गुडघा टेकावा लागला नाही. हात मात्र अजून लागतो.