फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक

२०२५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरच्या वेशींवर एक नवा द्वारपाल उभा राहिला. नाव अनुबिस. ग्नोम या डेस्कटॉपच्या कोडची पानं उघडायला जावं तर आधी कार्टूनमधली एक मुलगी आडवी यायची, तुम्ही बॉट नाही ना याची खात्री करतेय म्हणायची, तुमच्या ब्राउजरला गणितं घालायची आणि मगच आत सोडायची. लिनक्स कर्नलच्या कोडच्या दारातही तीच. तिचा राग येत नाही. एआय कंपन्यांचे बॉट रात्रंदिवस एकेक कमिट, एकेक जुनी आवृत्ती ओरबाडत असतील आणि सर्व्हरचं बिल स्वयंसेवकांच्या गळ्यात पडत असेल, तर दार लावणारच. राग येतो तो याचा, की ज्यांनी कोड 'या, वाचा, न्या' म्हणून मांडून ठेवला त्यांच्यावरच ही पाळी आली.

असा मांडून ठेवलेल्या कोडमध्ये शोधण्याचा इतिहास सांगायचा तर केन थॉम्पसनच्या ग्रेपपासून, म्हणजे १९७३ पासून सांगावा लागेल. मग सी-टॅग्ज आलं, सी-स्कोप आलं. नव्वदच्या दशकात ऑस्लो विद्यापीठात एलएक्सआर तयार झालं आणि कर्नलचा कोड ब्राउजरमध्ये एका फंक्शनवरून दुसऱ्यावर उड्या मारत वाचता येऊ लागला. सगळं उपयोगी, पण त्या काळाबद्दल मला फारसं प्रेम नाही. ग्रेप चालणार तुमच्या डिस्कवर जे आहे त्यावर. आमच्या डिस्कवर असायचं ते पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर आलेल्या सीडीतलं. ऑफिसात इंटरनेट मोजक्या मशीनवर, तेही साहेबांच्या मर्जीने. दस्तऐवज म्हणजे मॅन पेजेस आणि हाउ-टू. त्यांत काय लिहिलंय ते कळायचं, पण जगात ते कसं वापरतात ते कळायचं नाही.

ते कळायला लागलं ऑक्टोबर २००६ पासून. गूगलने कोड सर्च सुरू केलं. त्या उन्हाळ्यात रस कॉक्स नावाचा विद्यार्थी तिथे इंटर्न होता आणि त्याचा यजमान होता जेफ डीन. जगातल्या सगळ्या खुल्या कोडवर ग्रेप चालवायचं, अशी ती कल्पना. शब्द नव्हे, रेग्युलर एक्सप्रेशन! कंस, तारका, उभी रेघ, सगळं जसंच्या तसं. शिवाय भाषा सांगा, परवाना सांगा, फाइलच्या नावाचा तुकडा सांगा. सबव्हर्जन आणि सीव्हीएसमधला कोड तर होताच, पण कुठल्या तरी विद्यापीठाच्या सर्व्हरवर टार करून टाकलेली गाठोडीसुद्धा उघडून ठेवलेली असायची. खातं काढा, लॉगिन करा, काही नाही. पहिल्या आठवड्यात लोकांनी कॉमेंटमधल्या शिव्या शोधल्या आणि विसरून राहिलेले पासवर्ड शोधले. मग कामाला लागले.

तेव्हा आम्ही पुण्यात एका कंपनीसाठी सर्व्हर लिहीत होतो. हजारो कनेक्शन्स, म्हणून लिनक्सचं ईपोल, आणि त्यातही एज-ट्रिगर्ड. मॅन पेज सांगतं की 'ईअगेन', म्हणजे 'आता वाचायला काही नाही', मिळेपर्यंत वाचत राहा. बरं, पण एकच क्लायंट सतत पाठवत राहिला तर बाकीच्यांनी काय करायचं? त्यावर मॅन पेजचा सल्ला दोन ओळींत आटोपतो. कोड सर्चमध्ये 'ईपोल-ईटी' टाकलं, भाषा सी निवडली, आणि एंजिनएक्स या वेब सर्व्हरची ईपोल मॉड्यूलची फाइल समोर आली. तिच्या शेजारी पाच-दहा छोटे प्रकल्प, काही बरोबर, काही ठार चूक. एंजिनएक्स लिहिणाऱ्या रशियन प्रोग्रामरचा कोड दुपारभर वाचून मी जे शिकलो ते कुठल्याही पुस्तकात नव्हतं. चुकीचे नमुने बघणं त्याहून कामाचं ठरलं, कारण आमच्यातलाही एकजण तेच लिहून बसला होता.

हे इतकं झटपट कसं व्हायचं, ते कॉक्सने नंतर लिहून ठेवलं. प्रत्येक फाइलमधले सलग तीन-तीन बाइटांचे तुकडे नोंदवायचे. तुमच्या रेग्युलर एक्सप्रेशनमध्ये कुठले तुकडे असायलाच हवेत ते काढायचं, तेवढ्या फायली वेगळ्या करायच्या आणि खरं ग्रेप फक्त त्यांच्यावर चालवायचं. सूचीचा आकार मूळ कोडच्या पाचव्या हिश्श्याइतका. (देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं. म्हणजे आपल्याकडे तीन बाइटांत जेमतेम एक अक्षर! भाषांतराच्या फायलींत मराठी शब्द शोधला की हिंदी, नेपाळी सगळ्याच मोठ्या फायली चाळणीतून खाली पडतात.)

कॉक्सचा हा लेख आला जानेवारी २०१२ मध्ये, त्याच महिन्यात कोड सर्च बंद झालं. गूगलने बझ या आपल्या सोशल नेटवर्कच्या जोडीने त्याचाही निकाल लावला होता. बझ गेल्याचं कुणाला काही वाटलं नाही. पण कोड सर्च चालत होतं, वापरात होतं, त्याला तोड नव्हती. फक्त त्यात पैसा नव्हता. जाता जाता कॉक्सने त्याची छोटी आवृत्ती मुक्त करून टाकली, हे उपकारच. तिच्याच आधारावर मिखाएल श्टापेलबर्गने पदवीच्या प्रबंधासाठी डेबियन कोड सर्च उभं केलं, त्याच वर्षी. महाकाय कंपनीने सोडलेलं काम एका विद्यार्थ्याने केलं, याहून बोचरं काय सांगू?

२०१३ मध्ये गिटहबने नवा शोध आणला. पहिल्याच दिवसांत लोकांच्या खाजगी एसएसएच किल्ल्या त्यात सापडल्या आणि तो काही काळ आडवा झाला. पण खरी तक्रार वेगळी. तो शोध बिंदू, कंस, अर्धविराम, तारका गाळून टाकायचा. सीच्या कोडमधून कंस आणि तारका गाळल्यावर उरतं काय, भाजीची यादी? ही अवस्था जवळजवळ दहा वर्षं चालली. २०२३ मध्ये रस्टमध्ये लिहिलेला नवा शोध आला. तो उत्तम आहे, रेग्युलर एक्सप्रेशनही घेतो. मात्र आधी लॉगिन. सोर्सग्राफने २०१८ मध्ये आपला कोड खुला केला, २०२३ मध्ये परवाना आवळला, २०२४ मध्ये रिपॉझिटरीच खाजगी करून टाकली. कोड शोधण्याचं साधन स्वतःच शोधापलीकडे गेलं! दस्तऐवजांची गत त्याहून वाईट. अर्धे प्रकल्प आता डिस्कॉर्डवर उत्तरं देतात, आणि तिथे दिलेलं उत्तर कुठलंही सर्च इंजिन आणून देत नाही.

आणि आता शोधायचंच कशाला, एआयला विचारा. मीही विचारतो. उत्तर झटकन येतं, बऱ्याचदा बरोबर असतं. पण ते कुठून आलं? कुणी लिहिलं, कुठल्या परवान्याखाली, कुठल्या आवृत्तीत, पुढच्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं का? ग्रेप पन्नास वर्षं फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक देत आलंय. ज्यांनी सगळ्या जगाचा कोड गिळला त्यांना तेवढं देता येऊ नये?

ज्यांच्या हाताखाली नवी मुलं आहेत त्यांना एक विनंती. वापरात असलेल्या प्रकल्पांचा कोड ऑफिसातच क्लोन करून ठेवा, कॉक्सचं कोडसर्च त्यावर लावा, ते आजही फुकट मिळतं. आणि कुणी एआयचं उत्तर घेऊन आलं तर मूळ प्रकल्पातली फाइल आणि ओळ विचारा. सांगता आली नाही, तर कोड परत पाठवा.